जठर : देहलेण्यातील अग्निशाळा

आज आषाढ शुद्ध एकादशी. चंद्रभागेच्या वाळवंटी आज वैष्णवांचा सागर लोटला असेल, आणि ज्यांना पंढरीची वाट चालणे घडले नाही त्यांच्या घरोघरी तुळशीपुढे निरांजन लागून पहाटेपासून उपवास सुरू झाला असेल. 'उप' म्हणजे जवळ आणि 'वास' म्हणजे राहणे. देवाजवळ राहणे तोच उपवास, हा अर्थ आम्ही कीर्तनकार मंडळी गादीवरून वर्षानुवर्षे सांगत आलो. परंतु ज्या अवयवास आज आपण विसावा दिला असे समजतो, तो अवयव आहे तरी कसा? त्याच्या भिंती कशाच्या, त्यात राबणारे कोण, अन्न नसता तो काय करतो? हे प्रश्न कोणी विचारले असते तर चाळीस वर्षे निरूपण करूनही मला उत्तर देता आले नसते. ते उत्तर मला अजिंठ्याने शिकविले, आणि त्याचे मोलही घेतले.

अजिंठ्याची ती एकादशी

काही वर्षांपूर्वी आषाढीच्या कीर्तनासाठी मी अजिंठा गावी गेलो होतो. छत्रपती संभाजीनगरहून जळगावकडे जाताना घाट उतरण्यापूर्वी हे जुन्या तटबंदीचे गाव लागते. जगद्विख्यात लेणी आहेत ती घाटाखाली, फर्दापूरच्या अंगाला, वाघूर नदीने घोड्याच्या नालासारखे वळण घेतले आहे तेथे. दशमीला सकाळी यजमानांनी मला लेणी दाखविली. एका विहारात भिंतीचा गिलावा निघालेला होता आणि त्या जखमेतून भिंतीचे सारे थर दिसत होते. मुळाशी काळा पाषाण, त्यावर भाताचा तूस व वनस्पतींचे तंतू मिसळलेला मातीचा जाड लेप, त्यावर चुन्याचा पातळ हात, आणि सर्वांत वर रंग. जग ज्याला पाहावयास येते तो रंगाचा पापुद्रा नखाएवढाही जाड नाही. तो उभा आहे तो मागच्या थरांच्या आधाराने.

दुसऱ्या दिवशी एकादशी. मी निर्जळ राहिलो होतो. गुडघे दुखत असल्याने आठवडाभर मी दोन वेळा वेदनाशामक गोळ्या घेत होतो. त्या दिवशीही रिकाम्या पोटी दोन घेतल्या आणि रात्री कीर्तनास उभा राहिलो. दोन दिवसांपासून शौचास डांबरासारखे काळे होत होते, त्याकडे मी लक्ष दिले नव्हते. पूर्वरंग पार पडला. उत्तररंगात आख्यान भरात असता डोळ्यांपुढे अंधारी आली, हातातील चिपळ्या गळाल्या आणि मी मृदंगवाल्याच्या अंगावर कोसळलो.

रातोरात मला रुग्णालयात नेले. पोटात रक्तस्राव होत होता. रक्त व सलाइन देऊन प्रकृती सावरल्यावर घशात औषध फवारून, दिवा व कॅमेरा असलेली लवचिक नळी पोटात उतरविण्यात आली. डॉक्टर तरुण होते. पडद्याकडे बोट दाखवीत म्हणाले, "बुवा, परवा लेणी पाहिलीत ना? आता हेही लेणे पाहा."

मी मान वळवून पाहिले. गुलाबी, ओलसर, घड्या पडलेली एक गुहा प्रकाशाने उजळली होती. पूर्वी लेण्यांत पहारेकरी आरशाने सूर्यप्रकाश आत परावर्तित करून चित्रे दाखवीत, त्याची आठवण झाली. त्या गुहेच्या उताराच्या टोकाशी भिंतीचा गिलावा निघालेला होता. ती जखम माझी होती.

आमाशय : नाव आणि रूप

आयुर्वेदाने या अवयवास 'आमाशय' म्हटले. आम म्हणजे अपक्व, आशय म्हणजे स्थान. न पचलेले अन्न जेथे प्रथम विसावते ते स्थान. सुश्रुताने शरीरातील आशय सात सांगितले आणि स्त्रियांत गर्भाशय हा आठवा मोजला. त्या सातांत आमाशयाची गणना आहे. आज आपण त्यास जठर म्हणतो. 'पोट' म्हणून आपण बेंबीवर हात ठेवतो, परंतु जठर तेथे नसते. ते उदराच्या वरच्या भागात, बहुतांशी डाव्या बाजूस, बरगड्यांच्या आडोशाला श्वासपटलाखाली असते. रिकामे असता त्याची पोकळी जेमतेम अर्ध्या वाटीची. भोजन होताच ते सैल होऊन एक ते दीड लिटर सहज सामावून घेते. आलेल्या पाहुण्याप्रमाणे घर मोठे करणारा असा यजमान शरीरात दुसरा क्वचितच.

अन्ननलिका जेथे जठरास मिळते तो भाग हृदयाच्या निकट. म्हणून पाश्चात्यांनी त्यास हृदयवाचक नाव दिले. त्याच्या डावीकडे वर उचललेला जो घुमट आहे त्यास लॅटिन भाषेत 'फंडस' म्हणतात. या शब्दाने मी संस्कृताचा विद्यार्थी म्हणून चमकलो. फंडस म्हणजे तळ, आणि तो आपल्या वैदिक 'बुध्न' शब्दाचा सख्खा भाऊबंद आहे. मग घुमटाला तळ का म्हटले? पोकळ अवयवाच्या तोंडापासून जो भाग दूर पडतो त्यास तळ म्हणण्याची शस्त्रवैद्यांची रीत आहे, म्हणून. गिळलेली हवा याच घुमटात साठते आणि ढेकरेच्या रूपाने निरोप घेते. घुमटाखाली जठराचा मुख्य देह, त्यापुढे निमुळती होत जाणारी गुहा, आणि शेवटी लहान आतड्याच्या तोंडावर एक बळकट स्नायूंचे कडे. या शेवटच्या भागाचे ग्रीक नाव 'पायलोरस', म्हणजे द्वारपाल. लेण्याच्या दाराशी द्वारपाल कोरण्याची आपली परंपरा आहे. निसर्गाने तो आत जिवंत बसविला आहे. अन्नाचे कण एक-दोन मिलिमीटरइतके बारीक झाल्यावाचून तो घन अन्न सहसा पुढे सोडत नाही.

भिंतीचे चार थर

जठराच्या भिंतीलाही थर आहेत, ते चार. सर्वांत आत, अन्नाला ज्याचा स्पर्श होतो तो श्लेष्मल थर. रिकाम्या जठरात याच्याच उंच वळ्या पडतात आणि जठर भरले की त्या उलगडतात. त्यामागे सैल तंतूंचा अधःश्लेष्मल थर. यात रक्तवाहिन्यांचे व मज्जातंतूंचे जाळे असते. तिसरा थर स्नायूंचा. बहुतेक पचनमार्गात स्नायूंचे दोन पदर असतात, आडवे कड्यांचे आणि उभे. जठरात त्यांच्या आत तिरप्या तंतूंचा तिसरा पदरही आहे. म्हणूनच जठर अन्न नुसते पुढे ढकलीत नाही, ते त्यास पिळते, घुसळते, मळते. सर्वांत बाहेर गुळगुळीत, ओलसर असे पातळ वेष्टन, ज्यामुळे जठर शेजारच्या अवयवांवरून घर्षणाविना सरकते.

जखम केवळ वरवरची असेल तर ती आतल्या थरातच राहते व लवकर भरून येते. ती त्या थराचा तळ फोडून दुसऱ्या थरात शिरली की तिला व्रण म्हणतात. तेथे एखादी रक्तवाहिनी कुरतडली गेली की माझ्यासारखी अवस्था होते. जठरातील आम्लाने रक्त काळे पडते आणि मल डांबरासारखा दिसतो. व्रण चारही थर भेदून गेला तर जठरातील आम्ल व अन्न उदरपोकळीत सांडते, पोट लाकडासारखे कठीण होते, आणि तत्काळ शस्त्रक्रियेवाचून तरणोपाय उरत नाही.

विहारातील खोल्या

अजिंठ्याचा विहार पाहताना मध्ये मोठी शाळा आणि तिच्या तिन्ही बाजूंस भिक्षूंच्या लहान लहान खोल्या दिसतात. १६६५ साली रॉबर्ट हूक या इंग्रज शास्त्रज्ञाने सूक्ष्मदर्शकातून बुचाचा पातळ काप पाहिला, तेव्हा त्यास अशाच ओळीने मांडलेल्या लहान कोठड्या दिसल्या आणि त्याने त्यांस 'सेल', म्हणजे लहान खोली, असे नाव दिले. तीच आपली पेशी. जठराच्या श्लेष्मल थरावर भिंग धरले तर लाखो सूक्ष्म खळगे दिसतात. प्रत्येक खळग्याच्या तळाशी नळीसारख्या ग्रंथी उघडतात आणि त्या ग्रंथींत निरनिराळ्या व्रताच्या पेशी एकमेकींस खेटून बसलेल्या असतात.

खळग्याच्या तोंडाशी व पृष्ठभागावर श्लेष्मा स्रवणाऱ्या पेशी. त्या दाट, चिकट लेप तयार करतात आणि त्या लेपात आम्लाचा दाह शमविणारा क्षार मिसळतात. त्यांचे आयुष्य अवघे काही दिवसांचे. झिजलेल्या पेशी गळून पडतात आणि ग्रंथीच्या गळ्याशी असलेल्या मूळ पेशींतून नव्या जन्मास येऊन त्यांची जागा घेतात. आठवड्याभरात आपल्या जठराचा पृष्ठभाग जवळजवळ नवा झालेला असतो. अजिंठ्याचा रंग एकदा गेला की गेला. हा रंग मात्र रोज नव्याने भरला जातो.

त्याखाली मोठ्या, घुमटाकार भित्तिपेशी. यांचे कार्य हायड्रोक्लोरिक आम्ल निर्माण करणे. ही साधी गोष्ट नव्हे. रक्तापेक्षा दहा लाख पटींहून अधिक आम्लता या पेशी आपल्या एका बाजूस उत्पन्न करतात आणि स्वतः मात्र जळत नाहीत. त्यासाठी लागणारी शक्ती पुरविणारे कण त्यांच्या अंतरंगात दाटीवाटीने भरलेले असतात. याच पेशी आणखी एक द्रव्य स्रवतात. त्यावाचून 'ब-१२' हे जीवनसत्त्व लहान आतड्याच्या शेवटच्या भागात शोषले जात नाही आणि मनुष्य हळूहळू पांडुरोगी होतो. म्हणजे अग्नी पेटविणाऱ्याच्याच हाती रक्ताची निगाही सोपविलेली आहे.

ग्रंथीच्या तळाशी मुख्य पेशी. त्या प्रथिने पचविणारे द्रव्य तयार करतात, पण ते निद्रिस्त रूपात. अन्यथा त्याने पेशीसच खाऊन टाकले असते. बाहेर आम्लाचा स्पर्श होताच ते जागे होते आणि त्याचे पेप्सीन बनते. थिओडोर श्वान याने १८३६ साली त्यास हे नाव दिले. ग्रीक भाषेत पचनाला जो शब्द आहे त्यावरून ते आले, आणि तो ग्रीक शब्द आपल्या 'पच्' धातूचा सगोत्र आहे. पाक, पचन, पक्व आणि पेप्सीन ही एकाच कुळातील भावंडे.

याखेरीज काही पेशी पोकळीत काही न टाकता रक्तात वा शेजारी संदेश सोडतात. निर्गमाच्या अंगच्या पेशी गॅस्ट्रीन नावाचा संदेश धाडतात, तेव्हा आम्ल वाढते. दुसऱ्या पेशी पुरेसे झाले असा इशारा देतात, तेव्हा ते थांबते. टाळकरी, विणेकरी, मृदंगी प्रत्येकाने आपला ठेका राखावा आणि मध्ये कीर्तन रंगावे, तसे हे चालते.

अग्नी आणि ओलावा

गीतेच्या पंधराव्या अध्यायात भगवंत सांगतात की प्राण्यांच्या देहात वैश्वानर होऊन मीच चतुर्विध अन्न पचवितो. आयुर्वेदाने या अग्नीचे कार्य पाचक पित्ताकडे दिले आणि त्याच आमाशयात अन्न भिजविणारा, मऊ करणारा क्लेदक कफही मानला. आधुनिक शास्त्राचे सारे शोध आपल्या ग्रंथांत आधीच होते असे म्हणण्याचा मोह काहींना होतो. तो मी टाळतो. सूक्ष्मदर्शकाने जे दिसले ते सूक्ष्मदर्शकाचेच. तथापि जेथे दाहक अग्नी आहे तेथेच ओलावाही हवा, आणि दोहोंच्या समत्वावर आरोग्य उभे आहे, हे मर्म आपल्या पूर्वजांनी अनुभवाने ओळखले होते, एवढे निःशंक म्हणता येते. दिवसाला सुमारे दोन लिटर जठररस स्रवतो. त्याच्या झळीपासून भिंतीला वाचविते ते त्या श्लेष्म्याचे तलम कवच.

हे सारे प्रत्यक्ष पाहण्याची संधी विज्ञानाला एका अपघाताने मिळाली. १८२२ साली उत्तर अमेरिकेत ॲलेक्सिस सेंट मार्टिन या तरुणास बंदुकीची गोळी लागली. तो वाचला, पण पोटावरील छिद्र कायम राहिले. त्याचे डॉक्टर विल्यम बोमाँट यांनी त्या झरोक्यातून दोऱ्याला बांधलेले अन्नाचे तुकडे आत सोडून पचनाचे निरीक्षण केले आणि १८३३ साली ग्रंथ प्रसिद्ध केला. रुग्ण संतापला असता पचनात बिघाड होतो, हेही त्यांनी नोंदविले. प्रसन्न चित्ताने जेवावे असे घरातील वडीलधारी सांगत, ते उगाच नव्हे.

उपवासात काय घडते

साधे जेवण जठरातून पुढे सरकण्यास तीन-चार तास लागतात. पाणी लवकर जाते, स्निग्ध पदार्थ फार रेंगाळतात. मिनिटाला सुमारे तीन या गतीने आकुंचनाच्या लाटा उठतात आणि अन्नाची पातळ पेज बनते. जठर रिकामे झाल्यावर ते झोपी जात नाही. दर दीड-दोन तासांनी एक जोरकस लाट जठरापासून आतड्याच्या शेवटापर्यंत झाडू मारीत जाते आणि उरलासुरला अंश पुढे नेते. 'पोटात कावळे ओरडणे' म्हणतात त्यात या झाडलोटीचाच आवाज मिसळलेला असतो. १९९९ साली जपानी शास्त्रज्ञांनी जठरातील पेशींतून निघणाऱ्या घ्रेलीन या भुकेच्या दूताचा शोध लावला. हा दूत जेवणाच्या नेहमीच्या वेळी येतो, दाद मिळाली नाही तर बराचसा माघारी जातो. दुपारी बाराला कासावीस करणारी भूक दोनला निवते, हा उपवास करणाऱ्या प्रत्येकाचा अनुभव त्यामुळेच.

आता आपल्या 'एकादशी अन् दुप्पट खाशी'चा विचार करावा. शेंगदाण्याचा कूट व तूप घातलेली साबुदाण्याची खिचडी, तळलेले वेफर, वर बासुंदी! जठराला विसावा देण्याच्या दिवशी आपण त्याच्यावर सर्वांत रेंगाळणारे अन्न लादतो. पोटाचे दोन भाग अन्नाने व एक पाण्याने भरावा, चौथा वायूसाठी मोकळा ठेवावा, असे वाग्भटाचे सांगणे आहे. भिंतीचे स्नायू अन्न घुसळतात म्हटल्यावर तो मोकळा भाग कशासाठी, हे निराळे सांगावयास नको.

जखम का झाली

माझ्या व्रणाचे खापर उपवासावर फोडणे सोपे होते, परंतु डॉक्टरांनी दोन निराळी कारणे सांगितली. पहिले, वेदनाशामक गोळ्या. त्या ज्या द्रव्याची निर्मिती रोखून वेदना शमवितात, तेच द्रव्य जठरात श्लेष्म्याचे कवच राखीत असते. गुडघ्याला आराम मिळाला आणि भिंतीचा गिलावा गेला. दुसरे कारण, हेलिकोबॅक्टर पायलोरी नावाचा पिळदार जंतू. आम्लात काही जगू शकणार नाही अशी समजूत असता, ऑस्ट्रेलियातील रॉबिन वॉरन व बॅरी मार्शल यांनी १९८० च्या दशकाच्या आरंभी हा जंतू जठरात वसती करून राहतो असे दाखविले. तो स्वतःभोवती अमोनिया निर्माण करून आम्ल निष्प्रभ करतो. कोणी विश्वास ठेवीना म्हणून मार्शल यांनी १९८४ साली जंतूंचे द्रावण स्वतः प्राशन केले आणि जठराचा दाह ओढवून घेतला. २००५ साली दोघांस नोबेल पारितोषिक मिळाले. हाच जंतू जठराच्या कर्करोगाचेही एक कारण आहे, असे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संस्थेने १९९४ साली जाहीर केले. समाधानाची गोष्ट ही की योग्य प्रतिजैविके आणि आम्ल कमी करणारे औषध नेमाने घेतल्यास हा जंतू बहुधा हटतो. माझाही हटला.

म्हणून आजच्या पवित्र दिवशी एवढेच विनवितो. शौचास डांबरासारखे काळे होणे, रक्ताची वा कॉफीच्या गाळासारखी उलटी, अकस्मात पोट कठीण होऊन असह्य वेदना, कारणावाचून घटणारे वजन, ही लक्षणे दिसता घरगुती काढ्यात वेळ दवडू नये. गुडघ्याच्या गोळ्या मनाने, आठवडेच्या आठवडे, रिकाम्या पोटी घेऊ नयेत. मधुमेहाचे औषध चालू असलेल्यांनी, गर्भवतींनी आणि व्रणाचा त्रास झालेल्यांनी डॉक्टरांना विचारल्यावाचून निर्जळ राहू नये. यात धर्माला बाध येतो असे कोणास वाटत असेल तर धर्मशास्त्राचे निबंधग्रंथ उघडावेत. ज्या आठ गोष्टींनी व्रतभंग होत नाही अशा तेथे सांगितल्या आहेत, त्यांत पाणी आहे, फळ आहे, दूध आहे आणि औषधही आहे. हे वचन मी कितीदा तरी कीर्तनात सांगितले होते. स्वतःला मात्र लागू केले नव्हते.

अजिंठ्याचे यजमान रुग्णालयात माझ्या उशाशी बसून होते. "बुवांना मी घोटभर पाणी तरी आग्रहाने पाजायला हवे होते," असे म्हणून ते स्वतःला दोष देत राहिले. तेव्हा मला सव्विसाव्या लेण्यातील ती महापरिनिर्वाणाची भव्य मूर्ती आठवली. कुशीवर पहुडलेले तथागत, खाली शोकाकुल शिष्य. चुंद नावाच्या कारागिराच्या घरचे भोजन घेतल्यावर बुद्धांना पोटाचा तीव्र विकार जडला. परंतु शेवटच्या त्या अवस्थेतही त्यांनी आनंदास सांगितले की चुंदाला कोणी बोल लावू देऊ नकोस, त्याने दिलेले अन्न पुण्याचेच आहे. मी यजमानांचा हात हाती घेतला आणि ही कथा त्यांना सांगितली. त्यांचे डोळे भरून आले. माझेही.

त्यानंतर प्रतिवर्षी आषाढीला मी अजिंठ्यास जातो. उपवास करतो, पण तांब्याभर पाणी जवळ ठेवून. कीर्तनात देहाला लेणे म्हणण्याची मला आता सवय जडली आहे. पाषाणातील लेण्याची निगा राखण्यासाठी सरकारने माणसे नेमली आहेत. या लेण्याचा राखणदार मात्र ज्याचा त्यानेच व्हावयाचे आहे.